उसवण

"थुंकू नका, आप्पा.
मान खाली, ओठ सैल.
आपोआप येईल तेवढंच येऊ द्या नळीत."

हिलाल आप्पा बिरारी, शिलाईकाम, पारोळा.
बारा वर्षं साखर.
नळीवर मात्र नुसतं सत्तावीस.

पाच मिनिटं झाली, तळही भिजला नाही.
धुळ्यात एप्रिलमध्ये पुलावरून पांझरा दिसते
तसं ते तोंड.
"जरा येळ लागी," म्हणाले, आणि लाजले,
जणू मी उधारी मागायला दारात उभी.

शेजारच्या बाकावर कुणीतरी भरीत काढलं,
पऱ्हाटीच्या जाळावरची वांगी,
वर कांद्याची पात,
आणि नळीत एकदम धार.
हा नमुना बाद.
तोंडाला सुटलेलं पाणी आम्हाला चालत नाही,
आपसूक झिरपलेलं लागतं.
बाकावरच्यांना बाहेर काढलं.
नवी नळी. पुन्हा सत्तावीस.

"मन्हा थुकमा काय से?"

प्रथिनं, मी म्हटलं. खूप प्रकारची.
त्यातलं एक असं, की
हिरडी दाताला धरून ठेवणारी जी वीण असते
ती कापत जातं आतल्या आत.
साखर चढली की त्याचा हात जास्तच चालतो.
दात हलण्याआधी, ठणकण्याआधी
ते लाळेत उतरतं.
किती उतरलं, ते मोजायचंय.

"म्हणजे उसवण."

मग बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाले, दोन वर्षं होतील,
सुई ओवायला पांढरा दोरा ओला केला
की टोक गुलाबी यायचं.
त्यांना वाटलं, रीळच कच्च्या रंगाची.
दुकानदार बदलला.
तोही बदलून दुसरा बघितला.

मी नळी बर्फात रोवली.
लग्नाचे कपडे वेळेवर दिले की
लोक म्हणत असतील ना यांना,
तोंडात साखर पडो तुमच्या.

निघताना माझ्या ॲप्रनचा खिसा दिसला त्यांना,
एका कोपऱ्यात सुटलेला.
कॉलरच्या मागून सुई काढली, दोरा काढला,
ओठांत ओला केला
आणि खिडकीकडे धरून टोक बघितलं.
मला नाही दाखवलं.

चार टाके, गाठ.
दोरा तोडायला वाकले,
दातांपर्यंत नेला,
तिथंच राहिले क्षणभर.

"कैची से का, ताई?"