नरसू मेला तो भाग

कूलरच्या ताट्या भरायचे दिवस.
हंसापुरीच्या दुकानात मी वाळा झटकत होतो
आणि समोर मोबाइलवाल्याच्या टीव्हीवर
माझा भाऊ मरत होता.
भाग अकराशे बारा.
पोऱ्या म्हणाला, "शेठ, पाहून घ्या, आता नाही दिसणार ते."

मरण त्यानंच लिहिलं होतं.
आधी फोन आला होता : चॅनेलला नरसू नको झालाय,
नव्या सुनेसाठी जागा पाहिजे.
दुसऱ्या कोणाच्या हातून मरण्यापेक्षा मीच लिहितो,
निदान केळीच्या सालीवरून घसरून तरी नाही मरणार.

सुधाकर बोरकुटे. पडद्यावर बोरकर.
नावांच्या पट्टीत 'कुटे' बसत नव्हतं म्हणे.
पट्टी केवढी असते, मी विचारलं नाही.

पहिल्यांदा दिसला तो सेमिनरी हिल्सच्या केंद्रावरून,
शेतीच्या कार्यक्रमात, संत्र्याची डहाळी धरून,
कोळशी रोगाची माहिती ऐकताना
मान हलवणारा दुसरा माणूस.
बाबांनी शेजारच्या तीन घरांना बोलावलं होतं.
"पाय कसा मान हलवते," म्हणाले,
"जसं काही समजूनच राहिलं त्याले."

मग वडसा, झाडीपट्टी,
पहाटे पाचपर्यंत चालणारी नाटकं,
थंडीत शेकोटीपाशी बसून लिहिलेले दुसरे अंक
(पहिला अंक तेव्हा सुरू असायचा).
मग तिकडे. सात वर्षं.
पोलीस, प्रेत, वराचा मामा, पुन्हा पोलीस.
शेवटी हातात एक कागद आला :
नोकर. विनोदी. विदर्भाकडचा.

त्यानं काय केलं, तर बाबांना उचललं.
मॉडेल मिलच्या गेटवरचे, चौकीदार बाबा.
बोलण्याआधी दोनदा खोकणं,
चष्म्याची दोरी,
डोक्यावरचा ओला दुपट्टा,
आणि "मले".
ते सगळं घर गाळलेल्या पाण्यासारखं बोलायचं,
तांब्यापितळेच्या भांड्यांना नावं ठेवायची तीही छान शब्दांत.
एकटा नरसू म्हणायचा, मले.
तो म्हटला की आवाज यायचा, टुंई,
आणि देशभरातली मराठी माणसं चहा पिता पिता हसायची.
मीही हसायचो. खोटं कशाला बोलू?
बाबा नव्हते तेव्हा. बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

तर त्या दिवशी नरसू
बंगल्याच्या फाटकापाशी खुर्चीत बसला होता.
दुपार. कोणी सून नाही, सासू नाही.
दोनदा खोकला. म्हणाला,
"उन्ह लय आहे. मी नसलो तं
चिमण्यांले पाणी ठेवजा."
आणि मान अशी कलली
की माझ्या हातातला वाळा खाली पडला,
कारण तशीच कलली होती, गेटवर, खरी.

आणि तेवढ्यात,
टुंई.

पोऱ्या हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला.

मे महिन्यात तो घरी आला, दोन बॅगा घेऊन.
तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एका बाईनं हात जोडले,
फार वाईट वाटलं म्हणाली, घरी कोण कोण असतं तुमच्या मागे?
त्यानं माझ्याकडे बोट केलं.
तिच्या पोराला फक्त एकदा 'मले' ऐकायचं होतं.
यानं ऐकवलं. पोऱ्यानं टुंई स्वतःच केलं, तोंडानं.

रात्री दुकानात मी विषय काढला.
म्हटलं, त्या एडिटरले दोन शिव्या तं द्यायच्या बे,
मरणाच्या वेळेसही?
तो पंपाची वायर सोलत होता.
म्हणाला, त्याचा काय दोष?
पहिल्या भागात मीच लिहून दिलं होतं ते.
कंसात.
'नरसू बोलला की : टुंई.'
पैसे वाढवून मिळाले होते त्या आठवड्यात.

वायर जोडली त्यानं, बटण दाबलं.
पंप दोनदा खोकला
आणि कोरड्या वाळ्यावरून पाणी उतरू लागलं.
आम्ही बोललो नाही.