कुठल्याच हाडाला न जोडलेलं

पुर्वोहादी सर वर्गात आधी काही बोलायचेच नाहीत.
घशावर दोन बोटं ठेवून आवंढा गिळायचे.
गाठ वर जाऊन खाली आली की म्हणायचे,
"हे. नालेसारखं. दोनशे सहांत हे एकटंच
दुसऱ्या कुठल्या हाडाला जोडलेलं नाही."

मी त्यांचा प्लास्टरवाला, जुमादी.
एकतीस वर्षं योग्यकर्त्याच्या त्या तळघरात
फॉर्मॅलिनच्या वासात भात खाल्ला
आणि कवट्यांचे साचे काढले.
मेरापी धुमसला की खिडक्या लावूनही राख आत यायची,
लाखो वर्षांच्या कपाळावर आणि कालच्या प्लास्टरवर
सारखीच बसायची. मी ब्रशने झाडायचो.

सोलो नदीकाठचे लोक पोत्यांतून आणायचे
'बालुंग बुतो', राक्षसाची हाडं.
बहुतेक गवे, हत्ती, एखादं कासव.
पोतं सोडण्याआधी सर त्यांना लवंगी सिगारेट द्यायचे,
मग स्वतःच्या पगारातले पैसे.
इबू लास्त्री एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या,
"राक्षस पलंगाखाली झोपतो, तांदूळ उधारीवर येतो."

त्या पोत्यांतून पाच कपाळं निघाली, मांडीचं एक हाड, दात.
ते हाड कधीच नाही.
नाजूक ना. नदी ते आधी खाते.
परदेशातून माणसं यायची, विचारायची: हे बोलत होते का?
"माहीत नाही," सर म्हणायचे, आणि चहा मागवायचे.
या दोन शब्दांपायी त्यांची बढती दोनदा अडली.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, रमझानात,
त्यांची वाचा गेली.
उजवा हातही. कळत सगळं होतं.
मी दर गुरुवारी जायचो, विभागाच्या बातम्या सांगायला:
शवागाराला नवं कुलूप, कुणाची नेमणूक,
म्हाताऱ्या कार्तोच्या नातवानं पोतं थेट म्युझियमला दिलं,
पावती घेऊन.
एकदा त्यांनी डावा हात उचलला.
मला वाटलं, पाणी हवंय.
दोन बोटं माझ्या घशावर ठेवली
आणि हनुवटी हलवली: बोल.

काय बोलणार?
प्लास्टरचं प्रमाण सांगितलं.
आधी पाणी, मग भुकटी, कधीच उलट नाही.
ढवळायचं एकाच बाजूनं. बुडबुडा राहता कामा नये.
त्यांची बोटं गाठीबरोबर वर-खाली होत होती,
ओठ मुडपलेले, कॅलिपरवरचा आकडा वाचताना मुडपायचे तसे.
सुकायला किती वेळ लागतो तेही सांगितलं.
उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती.

मग पुन्हा पहिल्यापासून.