बरगडी

मेडिकलच्या क्ष-किरण विभागात, मे महिना,
कूलरमध्ये खस सडल्याचा वास,
आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात
एक बरगडी उगवली.
फोटो काढला होता इंदोऱ्याच्या सुबोधच्या घोट्याचा.

"काऊन जी," उरकुडेबाई म्हणाल्या,
"घोट्याले बरगड्या कवापासून फुटू राह्यल्या?"

मी लॅपटॉप लावला.
चार वाजून गेल्यावर कुठे सापडलं:
चित्र दाखवून झालं की ड्रायव्हर
मेमरीतली जागा परत करतो, इमानदारीनं.
पत्ता मात्र खिशातच ठेवतो.
मग पुन्हा शिरतो तिथेच, दार न वाजवता.
कधी आत काहीच नसतं,
कधी दुसऱ्याचा मांडलेला संसार.
आणि कोणाच्या मनात असलं, तर
याच दारातून सगळी सिस्टीम त्याची.

अहवालात लिहिलं, तीव्रता गंभीर.
दुरुस्ती एका ओळीची:
जागा सोडताना पत्ताही पुसावा.

पण ही कोणाची?
नाव नाही, तारीख नाही, केस नंबर नाही.
डावीकडची, बहुतेक. कधीतरी मोडून
जराशी वाकडी जुळलेली.
पडलं असेल कोणी.
की पाडलं असेल?

"टाका ना जी आता, लाइन पाहा बाहेर."

अजनीकडून मालगाडी जात होती,
तिचे डबे संपेपर्यंत
बोट नुसतं बटणावर ठेवलं.
मग दाबलं.

कोपरा काळा झाला.
घोटा उरला, एकटा, पांढराफटक,
आणि बाकावरून सुबोध विचारत होता,
मोडलाय का हो?