तिसऱ्या बाकावरून

दर शुक्रवारी, ज्वारीची पेज पिऊन झाली की
आम्ही बुन्योन्यीच्या काठावर, पत्र्याच्या देवळात जमतो,
आणि एकेक जण उठून साक्ष देतो.

न्द्यानाबोनं एकदा चक्क कुदळ आणली होती बरोबर,
एकोणीस वर्षांपूर्वी चोरलेली.
पातं झिजून विळ्याएवढं, दांडा दोनदा बदललेला.
मालकानं ती हातात घेतली, अंगठ्यानं धार पाहिली,
म्हणाला, दांडा चांगला बसवलायस.
सगळे हसले. मग रडले. मग गायले.

माझ्याकडे असली कुदळ नाही.
मी दारू सोडली नाही, कारण धरलीच नव्हती.
प्रभू मला रस्त्यात भेटला नाही,
तो आधीपासून घरातच होता, पाटीभर रताळ्यांसारखा.

मी असते ती फक्त आईच्या साक्षीत.
दोन वर्षांची, गोवरानं फुललेली,
मिशनच्या दवाखान्यात भिंतीकडच्या खाटेवर.
"हिचा श्वास थांबला होता," आई म्हणते,
आणि सगळे वळून माझ्याकडे पाहतात,
जणू मी तो आत्ताच पुन्हा घेणार आहे.
इतक्या वर्षांची सवय. त्या वाक्याला
मी खरंच श्वास घेते.

लहानपणी वाटायचं, मला ती रात्र आठवते.
मला आठवतो तो आईचा आवाज.

गेल्या नाताळापासून त्या आवाजातून शब्द गळतात.
काल ती उठली, बाक धरून उभी राहिली.
"दवाखाना," म्हणाली. "रात्र," म्हणाली.
आणि थांबली.
वर पत्रा थंड होत टकटक वाजत होता.
बेटुंगुरा आजोबांनी गीतांचं पुस्तक उघडलं,
गाण्यानं तिला झाकावं म्हणून.
मी अर्धी उठले. गोष्ट मला तोंडपाठ आहे,
पण पाठ असणं म्हणजे पाहिलेलं असणं नव्हे,
आणि इथे पाहिलेलंच बोलायचं असतं.

तेव्हा तिसऱ्या बाकावरून कोबुसिंग्ये म्हणाली, बसल्या बसल्याच,
"खिडकीची काच फुटली होती. तिथे पुठ्ठा लावला होता, क्यारिकुंडा."
आईनं मान डोलावली.
"तू चमच्यानं पाणी घालत होतीस. चमचा वाकडा होता.
नर्स म्हणाली, आता पुरे. तू पुरे केलं नाहीस.
पहाटे पोरगी रडली.
मला आधी वाटलं, मांजर आहे."
"मांजर!" आई म्हणाली, इतकी खूश होऊन.
आईच्या साक्षीत मांजर कधीच नव्हतं.

"त्याची स्तुती असो," कोबुसिंग्ये म्हणाली,
डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला,
आणि गाणं सुरू झालं.

मला तिची स्वतःची साक्ष माहीत आहे, सगळ्यांनाच आहे.
दर वेळी तेवढंच:
"मी अजून इथे आहे. आणि तोही."
ऐकून आम्ही आमेन म्हणतो, पुढच्याकडे वळतो.
तीस वर्षांत एकानंही विचारलं नाही
की त्या रात्री, त्या खोलीत,
शेजारच्या खाटेपाशी ती काय करत होती.
मी तर हिशेब करू शकले असते. माझ्याच वयाचा हिशेब.

परतताना होडीत आई पुढे बसून झोपली.
कोबुसिंग्ये मध्ये, मांडीवर रिकामं भांडं.
पाणी काळं, आणि टेकड्यांवर कुठे कुठे चुली.
मी वल्हवत होते, म्हणून तिचं तोंड मला दिसत नव्हतं.
विचारलं, त्याचं नाव काय होतं?

ती इतका वेळ गप्प राहिली
की मी दहा वेळा तरी वल्हं पाण्यात घातलं असेल.

"अहिम्बिसिब्वे," ती म्हणाली.
आमच्या बोलीत याचा अर्थ, त्याची स्तुती असो.
दर शुक्रवारी ती तेच म्हणते, मोठ्यानं, सगळ्यांदेखत.

मग म्हणाली, डावीकडे घे जरा,
तिथे लव्हाळी आहेत, अडकशील.