अतिक्रमण विभाग, दुसरा मजला

पदपथावर देऊळ सव्वादोन मीटर, दर्गा दीड.
टेप मी धरली होती, भर उन्हात, धायरी फाट्यावर.

ट्रस्टी दगडे आणि मुजावरचाचा
एकाच रिक्षातून आले,
भाडं निम्मंनिम्मं.
श्रद्धेला हात नको, दोघंही म्हणाले.
मग मुजावर पाण्याला उठले तेव्हा दगडे,
दगडे फोनला उठले तेव्हा मुजावर,
माझ्या कानाशी:
आधी त्यांचं काढा, मॅडम.

फाईल वर गेली.
परतली तेव्हा 'निवडणुकीनंतर' असा शेरा,
आणि माझ्या आकड्यावर कुणाचं तरी कुंकवाचं बोट.
सव्वादोन वाचताच येईना.

काल घरी जाताना पाहिलं,
काठीवाली एक म्हातारी
देवळापाशी वाकली,
दर्ग्यापाशीही,
आणि पुढे पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून
उतरली रस्त्यात,
बससमोर.