पूलवाल्याचा जबाब

माझं काम बसून.
बोट आली की बटण दाबायचं, पूल उचलायचा,
गळाच्या दोरीला बांधलेला लाकडी बूट
पाण्यावर सोडायचा,
टोलचं नाणं पडलं की ओढून घ्यायचा.
एकतीस वर्षं. खुर्ची तीनदा बदलली.

हिल्केचं काम बाळंतिणींचं.
या गावातून त्या गावात, सायकलवर,
कालव्याच्या बांधावरून.
आमच्या फ्रीसलँडात डोंगर नाही,
म्हणून चढाचं काम वाऱ्यानं अंगावर घेतलंय.
जाताना समोरून,
आणि शपथेवर सांगतो, येतानाही समोरून.

केबिनच्या काचेतून दिसायची:
पिवळा रेनकोट, वाकलेली पाठ.
पूल वर असला की थांबायची,
एक पाय जमिनीवर, छाती भात्यासारखी,
आणि ओरडायची, "शूर्ड, आटप!"
मी मुद्दाम वेळ लावायचो.
तेवढाच तिला विसावा, असं मला वाटायचं.

म्हणायचो, गाडी घे.
ठोके मोजून मिळालेत प्रत्येकाला,
उधळतेस कशाला?
मग एका रात्री ती झोपली असताना
मनगटावर बोटं ठेवून मोजले.
तिचे बावन्न. माझे ब्याऐंशी.
पुन्हा मोजले.
उधळ्या कोण, ते तिला सांगितलं नाही.

नोव्हेंबर. मंगळवार.
होक्स्त्रांच्या घरी जुळी झाली होती;
बडीशेपेच्या गोळ्या लावलेला टोस्ट खाऊन
ती निघाली. बांधावर डावा हात जड झाला.
आधी वाटलं, हँडल घट्ट धरलंय.
मग उतरली. सायकल स्टँडला लावली
(हे मला अजून कळत नाही, स्टँडला लावली)
आणि गवतात बसून फोन केला:
"पूल खाली ठेव, शूर्ड.
ॲम्ब्युलन्स येतेय. माझीच."

एक शिडाची बोट भोंगा वाजवत होती.
वाजवत राहिली.
बटणावरचा हात मी मांडीखाली घेतला
आणि त्यावर बसलो.
निळा दिवा आला, माझ्या पुलावरून गेला.
पुलाखाली पाणी काहीच घडलं नसल्यासारखं.

लेवार्डनच्या दवाखान्यात डॉक्टर रामदीन,
पारामारिबोच्या, पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या:
ही मोठी रक्तवाहिनी. इथे बंद. पूर्ण बंद.
"आणि हे बघा."
पलीकडून आलेले चार धागे,
पेन्सिलनं ओढून पुसल्यासारखे.
"यांनी थोडं रक्त पोचवलंय. आम्ही येईपर्यंत
स्नायू जितका मरायचा, तितका मेला नाही."
सायकलमुळे?
त्या थांबल्या. थांबल्या म्हणून विश्वास बसला.
"असेल. काहींना जन्मतःच असतात.
रोज पळणारेही या खाटेवर येतात,
सगळे घरी जात नाहीत.
पण सवयीचं हृदय उपाशी राहायला शिकतं, थोडा वेळ.
तेवढा थोडा वेळच आम्हाला लागतो."

पुढचं मला कुणी समजावायला नको.
मोठा कालवा बंद पडला
तर बोटी मागच्या चरांनी जातात,
चर वापरता असला तर.
न वापरलेल्या चरात गाळ, लव्हाळी,
बदकांचा संसार.
नकाशात निळी रेघ असते,
बोट घालून बघा.
वाट म्हणजे वहिवाट.
तिनं सव्वीस वर्षं छातीत वहिवाट ठेवली,
मी खुर्च्या झिजवल्या.

एप्रिलपासून ती पुन्हा बांधावर. हळू.
मागे मी, बहिणीच्या जुन्या सायकलवर.
केबिनमध्ये आता मुलगा बसवलाय, येल्मर.
आम्ही दिसलो की पूल वर करतो,
खाली बोट नसली तरी. गुणी पोरगा आहे.

पुलापलीकडे वारा. समोरून.
पोस्टाच्या पेटीपाशी तिनं वळून विचारलं,
"काही म्हणालास?"
म्हणायचं बरंच होतं.
श्वास नव्हता.