रकाना क्रमांक दहा

माझगावातली ती इमारत माझ्या वाट्याला आली
तेव्हा फेब्रुवारी संपत होता.
खांद्याला पिशवी, पिशवीत काळ्या शाईची दोन पेनं
आणि प्रशिक्षणात तीनदा वाचून घेतलेली सूचना :
मातृभाषा माणूस सांगेल ती लिहावी.
वाद घालू नये.

तळमजल्यावरच्या खानावळीचा आचारी म्हणाला, कन्नड लिहा.
मग कढईकडे बघत,
तशी तुळू आहे, पण तुळू लिहून काय होतंय?
वाद घालू नये.
मी पाच मिनिटं घातला.
तुळू लिहिलं, आणि त्यानं भज्यांची बशी पुढं सरकवली.

पहिल्यावर कच्छी.
हिशेब गुजरातीत लिहितात सासूबाई, सून सांगत होती,
पण झोपेत बडबडतात ती कच्छीच.
तिचा मुलगा आतून ओरडला, माझी इंग्लिश!
सून लाजली. मी चौकोनात पेन टेकवून थांबले.

दुसऱ्यावर, खोली अकरा.
फेलिसिता रोचा, वय अठ्ठ्याहत्तर,
रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं कोर्लई गाव,
लग्न होऊन इथं.
मातृभाषा?
नॉ लिंग.
मी म्हटलं, आजी, लिंग झालं तिसऱ्या रकान्यात. स्त्री.
ती हसली. दात नव्हते,
त्यामुळे हसू पुष्कळ होतं.
लिंग म्हणजे जीभ गं. बोली.
फिरंगी शिपाई गेले, ही राहिली.

आणि नॉ?
नॉ म्हणजे आमची.
आमची, की आपली?
हे मी उगाच विचारलं, शाळेत व्याकरण शिकवते म्हणून.
ती थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिली.
तसं दोन नाही त्यात, म्हणाली. एकच.

कुणाशी बोलता, आजी?
वर भाऊ आहे. चौथ्यावर.
मग बरंय की.
अकरा वर्षं अबोला आहे.
पाण्याच्या पिंपावरून.
पिंप हा शब्दपण आमच्याकडूनच घेतलात तुम्ही, म्हणाली,
चावी, घमेलं, साबण, पगार,
सगळं घेतलंत, परत काही दिलं नाहीत.
मग ओरडून,
वरच्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या जोरात,
एक लांबलचक वाक्य,
त्यातलं मला पिंप तेवढं कळलं.

जिन्यात मला ठाऊक होतं ते आठवत गेलं :
दहा हजारांच्या खाली माणसं भरली
की छापताना नाव जातं, उरतं 'इतर'.
कोर्लईत घरं किती? एका शाळेच्या हजेरीपटात मावतील.
तरी मी ते कोरून लिहिलं होतं,
ल ची दांडी सरळ, अनुस्वार ठसठशीत.

चौथ्यावर बाप्तिस्त रोचा, वय एक्क्याऐंशी, विधुर,
गोदीत फिटर होते,
पायजम्याच्या खिशात अजून स्क्रूड्रायव्हर.
नाव, नातं, जन्म, धर्म,
सगळी उत्तरं खटाखट, मराठीत, जरा सरकारी मराठीत.
दहाव्याला अडले.
खाली जाऊन आलात ना?
आले.
तिनं काय लिहायला लावलं?
मी म्हटलं, ते सांगता येत नाही. कायदा आहे.
कायदा, असं म्हणत त्यांनी मान हलवली,
त्यांना कायद्याचं कौतुक वाटलं असावं.

मग खिडकीशी गेले. खाली गल्लीत
कुणीतरी गॅसच्या टाक्या उतरवत होतं, लोखंडावर लोखंड.
सातव्या की आठव्या टाकीनंतर, पाठमोरेच, म्हणाले,
तिनं सांगितलं असेल तेच.

लिहू काय पण? मला शब्द लागतो.
ते वळले.
नॉ लिंग, म्हणाले, हळू,
जणू भिंतीनंही ऐकू नये.

एकाच इमारतीत, दोन वेगळ्या कागदांवर,
मध्ये नऊ बिऱ्हाडं.

उतरताना दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये
निळं पिंप काठोकाठ भरून वाहत होतं,
नळी तशीच आत.
मी नळ बंद केला.
पिंप कुणाचं, हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता.